कूलरमधली बाळंतीण

आमच्या घरातलं पहिलं बाळंतपण कूलरमध्ये झालं.

खरं तर ते आमच्या लेकीचं, रसिकाचं व्हायचं होतं, आणि दवाखान्यात व्हायचं होतं. पण तिच्या आधी एका खारीनं नंबर लावला. त्यानंतर जे झालं, त्याला सर्वस्वी माझं तोंड जबाबदार होतं. (आमच्या घरात जे काही बिघडतं त्याला माझं तोंड जबाबदार असतं, असं माझ्या बायकोचं, सुनंदाचं ठाम मत आहे. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मला ते अजून खोडून काढता आलेलं नाही. खोडायला जावं तर तोंडच उघडावं लागतं!)

रसिकाच्या डोहाळजेवणाला आम्ही तिच्या सासरी, नाशिकला गेलो होतो. ओटी भरून झाली, फोटो झाले, जेवणं झाली आणि विहीणबाईंनी सुपारी कातरता कातरता विषय काढला. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत त्यांना मान्य होती. ते माहेर औरंगाबादला आणि तेही ऐन मे महिन्यात, हे मान्य नव्हतं. तुमच्याकडं म्हणे दुपारी नळाला गरम पाणी येतं, त्या म्हणाल्या. (हे खोटं होतं. आमच्याकडं दुपारी नळाला पाणीच येत नाही.) पोरीला सोसायचं नाही, इथंच राहू द्या, आमच्याकडं एसी आहे.

सुनंदाचा चेहरा पडला. तिनं थंडीपासूनच तयारी चालवली होती. पैठणहून आईची जुनी लुगडी आणून त्यांची दुपटी शिवली होती, मोहरीची उशी केली होती, बाळापुरती कापसाची गादी भरून गच्चीवर उन्हं दाखवली होती. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मला ते बघवेना, म्हणून मी बोललो.

"आमच्याकडं कूलर आहे," मी म्हणालो.

इथं थांबलो असतो तर ही गोष्ट झालीच नसती. पण विहीणबाईंनी भुवई उचलली, आणि कुणी भुवई उचलली की मला पुढचं वाक्य सुचतंच. मी सांगितलं की आमचा कूलर लावला की भर दुपारी गोधडी घ्यावी लागते. मागच्या मे महिन्यात आमचे शेजारी सलीमभाई आमच्याकडं पत्ते खेळायला आले, ते स्वेटर घालून.

"असं?" विहीणबाई म्हणाल्या. "मग मीच येते तिला सोडायला. दोन दिवस राहून बघते. सोसवलं तर राहील, नाही तर माघारी घेऊन येईन."

परतीच्या बसमध्ये सुनंदा खिडकीबाहेर बघत बसली होती. येवला गेल्यावर म्हणाली, "सलीमभाईकडं स्वेटर तरी हाय का?"

आता, कूलर होता. तो काही मी बोलण्याच्या ओघात निर्माण केला नव्हता. बजाजनगरातल्या आमच्या रो-हाऊसच्या मागच्या बोळात, हॉलच्या खिडकीला तोंड लावून तो बारा महिने उभा असायचा. जाड पत्र्याचा, आडदांड, सुरू झाला की गल्लीच्या टोकापर्यंत कळायचं. आमच्याकडं होळी झाली की घरोघरी कूलर उघडतात, गेल्या साली भरलेलं गवत काढून नवं भरतात, टाकी घासतात. शहाणी माणसं हे होळीला करतात. मी पाहुणे यायच्या आदल्या सकाळी केलं.

कूलरवरची जुनी चादर मी ओढली आणि आतून काहीतरी सुटलं ते माझ्या छातीवर, छातीवरून खांद्यावर, खांद्यावरून टकलावर आणि तिथं क्षणभर विचार करून सरळ कडुलिंबावर. मी बादलीत बसलो. ठरवून नाही. बादली मागं होती आणि मी मागं गेलो.

आवाज ऐकून सुनंदा बाहेर आली. तिनं मला बादलीत बघितलं, माझी चौकशी न करता कूलरमध्ये डोकावली आणि तिथंच थबकली. पंख्याच्या पात्यांच्या आत एक गोल घरटं होतं. त्यात कूलरचं गवत होतं, सुतळी होती, माझा एक हरवलेला मोजा होता आणि मधोमध पांढराशुभ्र, निवडलेला कापूस. सुनंदानं तो लगेच ओळखला. गच्चीवर ठेवलेल्या बाळाच्या गादीचा एक कोपरा रिकामा झाला होता. इतके दिवस त्याचा संशय माझ्यावर होता. त्या कापसावर बोटाएवढी, गुलाबी, डोळे मिटलेली खारीची पिल्लं एकमेकांवर झोपली होती. माझ्या नातवंडाच्या गादीचं उद्‌घाटन झालेलं होतं!

मी बादलीतूनच म्हणालो की खोकं आण, झाडाखाली ठेवून देऊ.

"हात लावायचा नाय," सुनंदा म्हणाली. "बाळंतीण हाय ती."

मी म्हणालो, उद्या विहीणबाई येणार, कूलर लागला नाही तर रसिका परत जाईल. सुनंदानं चादर उचलली आणि नव्या सुनेच्या अंगावर शाल घालावी तशी हलक्या हातानं कूलरवर घातली.

"घरात लेकीचं बाळंतपण काढायचंय," ती म्हणाली, "आन आधी दुसरीला लेकरांसकट बाहेर काढायचं? मला नाय जमायचं ते. तुम्ही बोललात, तुम्हीच निस्तरा."

नवा कूलर आणावा, तर ठेवणार कुठं? खिडकीतली जागा बाळंतिणीनं अडवलेली. थोड्या वेळानं बघतो तर सुनंदा कूलरखाली वाटीत शेंगदाणे आणि गुळाचा खडा ठेवत होती. डिंकाचे लाडू रसिकासाठी राखून ठेवले होते म्हणून, नाही तर तेही गेले असते.

मी सलीमभाईंकडं गेलो. मी निवृत्त झालो त्याच कंपनीत सलीमभाई दुसऱ्या पाळीला. आमची भिंत एक, कडुलिंब एक आणि पत्त्यातला जोडही एक. मी सगळं सांगितलं. स्वेटरचा भाग ऐकल्यावर त्यांनी आपल्या घामेजलेल्या बनियनकडं बघितलं.

"अप्पा," ते शेवटी म्हणाले, "कूलर बोले तो क्या? गीली घास और पीछे पंखा. डब्बा कायकू होना?"

ही कल्पना इतकी सोपी होती की मला तेव्हाच घाबरायला हवं होतं. कूलरच्या खिडकीला लागून हॉलची दुसरी खिडकी होती. तिच्यावर आम्ही बाहेरून गोणपाटाची पोती टांगली. पोत्यांच्या मागं, जरा अंतरावर, सलीमभाईंचा उंच फर्राटा पंखा उभा केला. आतून दोन्ही खिडक्यांवर एकच लांब पडदा सोडला. आता पोती ओली राहिली की झालं. त्यासाठी सलीमभाईंनी दुसऱ्या दिवसाची पाळी बदलून घेतली आणि बादली-मग घेऊन बोळात हजर राहायचं कबूल केलं. मोबदला म्हणून त्यांनी फक्त स्वेटरची गोष्ट पुन्हा कुणाला सांगू नका असं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ऐन दुपारी विहीणबाई आणि रसिका आल्या. रिक्षातून उतरताना विहीणबाईंचा चेहरा लाल झाला होता आणि त्यावर 'मी म्हणत नव्हते का?' असं स्पष्ट लिहिलेलं होतं. पण हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि त्या थबकल्या. ओल्या गोणपाटाचा गार वारा पडद्याखालून येत होता. त्यांनी पदर सैल केला. दिवाणावर बसल्या. पाणी प्यायल्या.

"बरंय की हो," त्या म्हणाल्या.

सुनंदानं माझ्याकडं बघितलं. लग्नानंतर त्या नजरेनं तिनं मला फारसं बघितलेलं नाही. मी खुर्चीत मागं टेकलो आणि कूलरची माहिती द्यायला लागलो. विहीणबाईंनी खूश होऊन आपली बॅग दिवाणावर घेतली, उघडली आणि बाळासाठी स्वतः शिवलेली मऊ गोधडी दाखवायला वर काढून ठेवली. आवाज कसा नाही हो तुमच्या कूलरला, त्यांनी विचारलं. मी सांगितलं, तीच तर त्याची खासियत.

त्याच क्षणी पडद्यामागून आवाज आला.

"अप्पा, पानी खतम! बादली देव जल्दी!"

रसिकानं ओठ दाताखाली दाबले.

"तुमचा कूलर," विहीणबाई सावकाश म्हणाल्या, "हिंदी बोलतो?"

मी रेडिओबद्दल काहीतरी पुटपुटलो, पण त्या उठल्या होत्या. त्यांनी पडदा बाजूला केला, पोत्याचं टोक उचललं. समोर सलीमभाई, पायजमा गुडघ्यापर्यंत वर, डोक्यापासून निथळत, हातात रिकामा मग. कुणाच्या घरी गेल्यावर करावा तसा त्यांनी अगदी अदबीनं सलाम केला आणि म्हणाले, "आइए ताई. सफर ठीक हुआ?"

विहीणबाईंनी पोतं खाली सोडलं. पंखा तिकडं घुमतच होता, पण हॉलमधला गारवा आता वेगळ्याच दिशेनं यायला लागला होता. मी सगळं सांगितलं. खार, पिल्लं, कापूस, मोजा, सगळं. ऐकणाऱ्याला ते स्वेटरपेक्षाही खोटं वाटावं असं होतं. माझ्यानंतर रसिका बोलली, की आई, राहू द्या ना, मला इथंच बरं वाटतं. पण विहीणबाईंचं ठरलेलं होतं.

"रसिका, आवर," त्या म्हणाल्या. "सकाळच्या गाडीनं माघारी जायचं."

सुनंदा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातात चहाचा ट्रे. तो पुढं करावा की माघारी न्यावा, ते तिला कळेना. त्या घडीला मला जमिनीनं पोटात घेतलं असतं तर मी जागा करून दिली असती.

विहीणबाई बॅग भरायला वळल्या आणि तशाच थांबल्या.

सलीमभाई मनापासून काम करणारे गृहस्थ. पोत्यावर पाणी मारता मारता त्यांनी शेजारचा कूलरही चांगला भिजवला होता. बाळंतीण चिडली होती. कूलरच्या पट्ट्यांतून वाट काढून ती पडद्याखालून आत आली होती, आणि या क्षणी ती विहीणबाईंच्या बॅगेत, त्या मऊ गोधडीवर उभी होती. तोंडात एक गुलाबी पिल्लू. तिनं ते गोधडीच्या घडीत ठेवलं, पुढच्या पायांनी घडी नीट केली आणि विहीणबाईंकडं बघितलं. विहीणबाईंचा हात बॅगेपासून वीतभर अंतरावर होता. तो त्यांनी हळूच मागं घेतला.

कुणी हललं नाही. खार दिवाणावरून उतरली, पडद्याखाली गेली आणि दुसरं पिल्लू घेऊन आली. मग तिसरं. सलीमभाईंना बाहेरून आतलं काही दिसत नव्हतं. त्यांनी मोठ्यानं विचारलं की चालू ठेवू का बंद करू, तर विहीणबाईंनीच खिडकीकडं बघून दबक्या आवाजात दटावलं, "हळू बोला! बाळंतीण आहे इथं."

मी सुनंदाकडं बघितलं. तिनं ट्रे खाली ठेवला होता. ती विहीणबाईंच्या शेजारी जाऊन बसली आणि मग त्या दोघी कितीतरी वेळ कुजबुजत होत्या. खारीला शेंगदाणे चालतील की भिजवलेले हरभरे द्यावेत, दुपट्याची आडोशाला झोळी करावी की नको, अशी चर्चा. रसिका त्यांच्यामध्ये जाऊन बसली. माझं मत कुणी विचारलं नाही. संध्याकाळी मी भीत भीत सकाळच्या गाडीचा विषय काढला.

"बॅगेत बाळंतीण आहे," विहीणबाई म्हणाल्या. "मी जाऊ कशी?"

आणि त्या राहिल्या. दोन दिवस नाही. खारीची पोरं डोळे उघडून, शेपट्या फुलवून कडुलिंबावर निघून गेली तरी त्या राहिल्या. सुनंदाच्या साड्या नेसल्या, सलीमभाईंच्या घरी शीरखुर्मा प्यायल्या, गच्चीवर कुरडया घातल्या. रसिकाला इथंच, आमच्या गावच्या दवाखान्यात मुलगी झाली. पुढं सव्वा महिना दोघी आज्यांनी मिळून तिला तेल लावलं, धुरी दिली आणि माझ्याविरुद्ध एकमत केलं.

कूलर मोकळा झाला तेव्हा मी मोठ्या उत्साहानं नवं गवत भरलं, टाकी भरली, सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं आणि बटण दाबलं. काही झालं नाही. बाळंतिणीनं जाता जाता आतली वायर कुरतडली होती. दुरुस्तीला नेतो म्हणालो, तर विहीणबाईंनी हात वर केला. कूलरचा वारा फार बोचरा असतो, बाळाला सर्दी होईल. त्यापेक्षा पोत्याचा वारा मऊ असतो. सुनंदानं मान डोलावली. सलीमभाईंची पाळी पुन्हा दुपारची झाली होती. बोळात उरलो मी, बादली आणि मग.

बारशानंतर एका दुपारी विहीणबाई नाशिकला बहिणीशी फोनवर बोलत होत्या. मी बोळात, पोत्याच्या अलीकडं उभा होतो, टकलावर ओला रुमाल ठेवून, म्हणून मला शब्द न् शब्द ऐकू आला.

"अगं, ऊन कसलं? घर कसं गारगार आहे. त्यांचा कूलर फार चांगला. आवाज नाही, वीज जास्त खात नाही," त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून, "फक्त तासातासानं चहा द्यावा लागतो त्याला. आणि जेवण झालं की उभ्या उभ्या डुलक्या काढतो."