वीतभर वाट

उभ्या नंदुरबार जिल्ह्यात वीतभर उंचीच्या माणसांविषयी अधिकाराने बोलू शकेल असा एकच गृहस्थ आहे, आणि तो मी नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. हा मान माझ्या साडूंकडे जातो. राहायला रनाळ्याला, आणि नंदुरबारच्या वेशीवर एका व्यापाऱ्याची मिरची पथारी आहे, म्हणजे मिरच्या वाळत घालायचं मैदान, तिथे मुकादम. शिक्षण दहावीपर्यंत, तेही काठावर. उलट मी मराठीचा शिक्षक. जगभरच्या बुटक्यांची पुस्तकं मी मागवून वाचली आहेत. रात्रीतून जोडे शिवून देणारे, टेकडीच्या पोटात राहणारे, दुधाची वाटी ठेवली नाही तर रुसणारे, आणि आपल्या पुराणांतले ते अंगठ्याएवढे ऋषीसुद्धा, सगळे मला तोंडपाठ. आठ वर्षं खपून मी बुटक्यांची एक कादंबरी लिहिली. ती लिहिली माझ्या लेकीसाठी. तिने ती ऐकावी आणि डोळे मोठे करावेत, एवढीच माझी इच्छा होती.

साडूंनी यातलं एक अक्षर वाचलेलं नाही. ते नुसते या मंडळींबरोबर राहतात. खाटेवर बसण्याआधी हाताने चादर झटकून ‘सरका रे’ म्हणतात. अंगणात गरम पाणी ओतायचं तर आधी खाकरतात, म्हणजे खालच्यांना कळावं. लग्नाच्या पंगतीत पानाशेजारी भाताची चार शितं काढून ठेवतात आणि वाढप्याने ती उचलली तर त्याच्याशी अबोला धरतात. शिंकेबद्दल तर त्यांचं स्वतंत्र शास्त्र आहे. पथारीवर माणूस शिंकतो तो मिरचीने नव्हे, पायाजवळून त्यांच्यापैकी कोणी गेलं म्हणून. शिंक आली की बाजूला सरकून वाट द्यायची. त्यामुळे त्यांच्या पथारीवर नवा माणूस गेला की पहिला तासभर सारखा सरकतच असतो. मी एकदा मिरचीच्या तिखटपणाचं शास्त्रीय कारण सांगायला गेलो. “मिरचीमुये शिंक येस, मंग मन्हा नाकले काब्र येत नही?” माझ्या नाकाला का नाही येत, या एका सवालात त्यांनी विषय संपवला. माझी लेक हसली, आणि ती त्यांच्या बाजूने हसली.

दिवाळीत रनाळ्याला सगळे जमलेले असताना मी कादंबरीचं पहिलं प्रकरण वाचून दाखवलं. बर्फाने झाकलेलं गाव, लोकरीच्या टोप्या, पांढऱ्या दाढ्या, शेकोटी. वाचता वाचता मलाच थंडी वाजली. साडूंनी शेवटपर्यंत मांडी न मोडता ऐकलं आणि खऱ्या काळजीने विचारलं, “साडूभाऊ, तठे इतला बरफ पडस, तं ह्या खातस काय?” चारशे पानांत माझ्या एकाही बुटक्याने काही खाल्लेलं नव्हतं. घरी परतताना स्कूटरवर मागून लेक म्हणाली, “बाबा, तुमचे खोटे आहेत ना?” मी विचारलं, मग काकांचे काय खरे? ती म्हणाली, “काकांचे दिसत नाहीत.” नंदुरबार येईपर्यंत मी स्कूटर नको तितकी जोरात हाणली. जळफळाट म्हणजे काय, ते मी शाळेत वाक्यात उपयोग करून शिकवतो. त्या संध्याकाळी तो अंगभर कळला.

पुढे माघात एका रविवारी लेकीच्या हट्टाने पथारीवर गेलो. नजर पोचेल तिथवर मिरच्या पसरलेल्या, आणि मधोमध, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मातीची एक वीतभर रुंद मोकळी पट्टी. ही त्यांची वाट. साडू रोज सकाळी ती हाताने साफ करतात. जागा फुकट जाते म्हणून शेठ कुरकुरतो, पण मुकादम टिकवायचा म्हणून गप्प बसतो. साडू चहा सांगायला गेले. लेक वाटेच्या तोंडाशी उकिडवी बसून होती, माझ्या कुठल्याही पानासमोर ती अशी बसली नव्हती. मला काय झालं कोण जाणे. मी पुढे होऊन दोन्ही हातांनी मिरच्या लोटल्या आणि हातभर वाट बुजवून टाकली. “बघ, काही नसतं यात,” मी म्हणालो. लेक उठली. ती माझ्यापासून दूर जाऊन उभी राहिली.

साडू परत आले. त्यांनी बुजलेली वाट पाहिली, माझे लाल झालेले हात पाहिले. “वारा सुटना व्हई,” एवढंच म्हणाले, सगळा दोष वाऱ्यावर ढकलला आणि दुखऱ्या गुडघ्यांवर बसून मिरच्या बाजूला करू लागले. त्या शब्दांनी मी पार मेलो. मीही शेजारी बसलो आणि हात चालवू लागलो. खाली मान घालूनच ते सांगू लागले. त्यांची आई याच पथारीवर मजुरीला होती. हे तीन-चार वर्षांचे. मिरच्यांत शिरायचे आणि तेच हात डोळ्यांना लावून दिवसभर रडायचे. आईला काम सोडता येईना. मग एके दिवशी तिने मिरच्यांतून वीतभर वाट काढली आणि यांना त्या वाटेच्या तोंडाशी बसवलं.

“माय सांगे, आठून त्या येतीन, तू हालू नको,” साडू वाटेकडे बोट दाखवत म्हणाले. “मंग मी हालू नही. मिरचीले हात लावू नही.”

साऱ्या जगाच्या लोककथांची मुळं मी पुस्तकांतून खणून काढली होती. हे एक मूळ माझ्या घरापासून दोन मैलांवर होतं आणि मला ठाऊक नव्हतं. मी विचारलं, मग आले का ते?

“आजून बठेल शे मी, साडूभाऊ.”

कादंबरी सध्या कपाटात आहे. साडूंचा हेवा मला अजून वाटतो, खोटं कशाला बोलू? माझी आठ वर्षं गेली, त्यांचा सगळा जन्म त्या वाटेच्या तोंडाशी बसून चाललाय, आणि त्यांना घाई नाही. त्या दिवशी वाट मोकळी झाल्यावर मला सणसणीत शिंक आली. लांब उभी असलेली लेक माझ्याकडे बघत होती. मी सरकलो. तेव्हा ती माझ्याशेजारी येऊन बसली.