पत्रातले तीन शब्द

माझ्या नवऱ्याला माझ्या बहुतेक खोड्या ठाऊक आहेत. मुलीला त्याहून जास्त. पण ही एक गोष्ट दोघांनाही माहीत नाही, आईला तर ती जाईपर्यंत कळली नाही, आणि देवापुढे हात जोडतानासुद्धा मी या गोष्टीला वळसा घालून जाते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगते आहे. की लिहिताना समोरच्याचं तोंड दिसत नाही म्हणून? तसंही असेल.

मी तंजावरची. आमच्या घरी मराठी बोलतात, कितीतरी पिढ्या बोलतात — पण लिहीत नाहीत. आई वाण्याची यादी करायची ती मराठीतच, तूप, हिंग, तुरीची डाळ, पण अक्षरं तमिळ. देवनागरी होती ती देव्हाऱ्याखालच्या पोथ्यांत, आणि त्या पोथ्या आम्ही वाचायचो नाही, त्यांना हळदकुंकू वाहायचो. मी लहानपणी चार महिने हिंदीच्या शिकवणीला गेले होते. मग कंटाळा आला, सोडली. तेवढीच माझी पुंजी. हे आधी सांगते, कारण सगळं तिथून सुरू झालं. नाही — खरं बोलायचं ठरवलंय तर नीटच बोलावं — सगळं माझ्या मिरवायच्या हौसेतून सुरू झालं.

नव्वदीची सुरुवातीची वर्षं होती. मी एका लहानशा प्राथमिक शाळेत शिकवत होते, तमिळ माध्यमाच्या, पाचवीपर्यंतच्या. गावात टाय लावणाऱ्या इंग्रजी शाळा निघत होत्या, घरोघर केबल येत होती, आणि आमच्या वर्गातली डोकी दर जूनला कमी होत होती. म्हणून आमच्या मुख्याध्यापिकाबाईंनी बातमीपत्र काढायचं ठरवलं. एकच कागद, पाठपोट, स्टेन्सिल कापून सायक्लोस्टाइल केलेला. आपल्याही शाळेत काही घडतं हे पालकांना कळू दे, असं त्यांचं म्हणणं. ते काम माझ्या गळ्यात पडलं असं मी घरी सांगितलं. खरं तर मी ते मागून घेतलं होतं.

त्या वर्षी नवरात्रात शाळेत कोलू मांडला. पायऱ्यापायऱ्यांवर मुलांनी घरून आणलेल्या बाहुल्या, रोज दुपारी सगळ्यांना सुंडल — उकडलेल्या हरभऱ्यांची उसळ, वर ओलं खोबरं. विजयादशमीला नव्या पोरांना मांडीवर घेऊन ताटातल्या तांदळात पहिलं अक्षर गिरवलं. आणि सरस्वतीच्या तसबिरीखाली मी एक पाटी लावली — देवनागरीत, ‘श्री सरस्वत्यै नमः’. कॅलेंडरवर बघून काढली होती, मोर काढावा तशी. मुख्याध्यापिकाबाई येणाऱ्या-जाणाऱ्या पालकांना पाटी दाखवायच्या आणि माझ्याकडे बोट करायच्या. मी मान खाली घालायची. किती छान वाटत होतं म्हणून सांगू!

ती पाटी यमुनाक्कानं पाहिली.

यमुनाक्का शाळेची आया. घंटा देणारी, माठ भरणारी, पहिलीतल्या पोरांची नाकं पुसणारी. तीही आमच्यासारखीच, जुन्या मराठी घरातली. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. जवळचं म्हणावं असं एकच माणूस, धाकटी बहीण गोदी — ती लग्न होऊन सोलापूरला गेली होती, नवरा तिथं गिरणीत. वीस वर्षांत दोघी दोनदा भेटलेल्या. गोदीला लिहिता येत नसे, तिचा मुलगा तिच्यासाठी लिहायचा, आणि तो सोलापूरच्या शाळेत शिकलेला म्हणून पत्र यायचं देवनागरीत. ती पत्रं यमुनाक्का गल्लीतल्या एका म्हाताऱ्या रावांकडून वाचून घ्यायची. ते राव त्या उन्हाळ्यात वारले.

विजयादशमीनंतर दोन दिवसांनी मधल्या सुट्टीत ती शिक्षकांच्या खोलीत आली. हातात निळं आंतर्देशीय.

“टीचर, तुमची पाटी बघट्ले मी. तुम्हास ती अक्षरं येतात की. हे वाचून सांगा. राव गेले, अत्ता मज कोण वाचणार?”

मला येत नाही — एवढं म्हणायचं होतं. काय गेलं असतं माझं? पण खोलीत दोघी शिक्षिका होत्या, मुख्याध्यापिकाबाई होत्या, आणि सगळ्या कौतुकानं माझ्याकडे बघत होत्या. मी हात पुढे केला.

कॅलेंडरवरची अक्षरं ठसठशीत असतात. ही वाकडी, एकमेकांत गुंतलेली. मी वरून खाली, खालून वर डोळे फिरवत राहिले. अखेर तीन शब्द लागले. ‘गाठ’. ‘दिवाळी’. ‘ये’. आणि तळाला ‘गोदी’. मी मनात त्यांची मोट बांधली — दिवाळीला गाठ घ्यायला येते. बहीण बहिणीला दुसरं काय लिहिणार? तेवढं सांगून मी थांबले असते तरी एक वेळ — पण मी थांबले नाही. आम्ही खुशाल आहोत, पाऊस बरा झाला, तुझी फार आठवण येते, असं मी भरत गेले. मध्येच एकदा डोळे बारीक करून म्हणालेसुद्धा, “अक्षर जरा वाईट आहे हं मुलाचं.”

यमुनाक्का खाली बसली, जमिनीवरच. “गोदी येत्ये? इथे?” तिनं दोनदा विचारलं. मी दोनदा हो म्हणाले. मुख्याध्यापिकाबाईंनी तिथल्या तिथं सांगितलं, हे बातमीपत्रात घाला. मी घातलं. डोळे तपासणीचं शिबिर आणि झाडं लावण्याचा कार्यक्रम यांच्या मधोमध: आपल्या यमुनाक्कांची बहीण कित्येक वर्षांनी दिवाळीला येणार, आपण सारे तिचं स्वागत करू. मुलांनी तो कागद घरोघरी नेला. चौथीच्या मुलींनी तिच्यासाठी फाटकात मोठं कोलम, तांदळाच्या पिठाची रांगोळी, काढायचं ठरवलं. पहिलीतली पोरं रोज विचारू लागली, आया, तुझी तंगच्ची, धाकटी बहीण, कधी येणार?

यमुनाक्कानं पत्र माझ्याकडेच ठेवलं होतं, उत्तर लिहायला. ये, मी वाट बघत्ये, असं लिहा म्हणाली. आता लिहायचं कसं? मी माझ्या जुन्या हिंदीच्या बाईंकडे गेले. त्या तमिळ, मराठीचा त्यांना गंध नाही, पण अक्षरं येत होती. आधी ते पत्र बघू दे म्हणाल्या, आणि चष्मा लावून मोठ्यानं वाचू लागल्या — अर्थ न कळता, एकसुरी, एकेक शब्द सुटा करून. त्यांना वाचता येत होतं आणि कळत नव्हतं. मला वाचता येत नव्हतं आणि सगळं कळत होतं.

“अक्का, माझ्या पोटात गाठ आहे. डॉक्टर म्हणतात आता कापून उपयोग नाही. दिवाळीच्या आधी ये. मला एकदा तुला बघू दे. मग काही झालं तरी चालेल. तुझी गोदी.”

चांगली बातमी आहे ना, असं बाईंनी विचारलं. मी हो म्हणाले. उत्तर मग लिहू, म्हणून उठले आणि सायकल हातात धरून चालतच घरी आले. चढायचं सुचलं नाही.

इथंवरचा माझा गुन्हा मी कदाचित तुम्हाला हसत सांगितला असता. अर्धवट शहाणपणा, पोरकट हौस — माणसं असं करतात. पण दिवाळीला तेव्हा अकरा दिवस होते. तंजावरहून मद्रास एक रात्र, मद्रासहून सोलापूर आणखी एक दिवस. अकरा दिवसांत ती जाऊन गोदीच्या उशाशी बसली असती. हे मला त्याच संध्याकाळी कळत होतं, स्पष्ट कळत होतं.

मग मी काय केलं? शुद्धलेखनाच्या वह्या तपासल्या. रोज सकाळी ठरवायची, आज सांगायचं. फाटकात यमुनाक्का दिसायची, आणि तिच्याजवळ काहीतरी नवं असायचं — खोलीला चुना दिला, गोदीसाठी जांभळी साडी घेतली, मुरुक्कूला, म्हणजे आमच्याकडच्या चकलीला, शेजारणीचा सोऱ्या मागून ठेवला. मला वाटायचं, आता सांगितलं तर मुख्याध्यापिकाबाई काय म्हणतील? छापून गेलेलं कसं परत घ्यायचं? अख्ख्या गावात माझं हसं होईल, अक्षरशत्रू असून पाटी लावणारी. हो, मी याचाच विचार करत होते. एका बाईच्या मरणाचा नाही. एकदा तार करायला गेले, यमुनाक्कालाच, निनावी — बहीण आजारी, ताबडतोब नीघ. फॉर्म हातात घेतला. खिडकीपलीकडचा कारकून ओळखीचा निघाला. फॉर्म पर्समध्ये घालून परत आले.

“पत्र घातलात का टीचर?” तिनं विचारलं.

घातलं, म्हणाले. मी एक ओळही लिहिली नव्हती.

दिवाळीच्या आदल्या दिवशी, दिवाळीला आणि दुसऱ्या दिवशी, मद्रासची गाडी यायच्या वेळी यमुनाक्का स्टेशनवर जाऊन उभी राहिली. हे मला नंतर कळलं, तिच्या शेजारणीकडून. शाळा उघडली तेव्हा फाटकात कोलम काढलेलं होतं, चौथीच्या मुलींनी पहाटे येऊन काढलेलं. यमुनाक्का त्याच्या कडेकडेनं आत आली आणि घंटा दिली. मुलं विचारत राहिली. पहिले दोन दिवस ती उद्या येईल म्हणाली. मग कुणी विचारलं की माठ भरायला निघून जायची.

तिला दुःख झालं असतं तर कदाचित मी बोलले असते, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. पण तिला राग आला. “येत्ये म्हणून सांगट्ली आणि आली नाही. मज सगळ्या पोरांपुढे अशी केली.” जांभळी साडी तिनं शेजारणीच्या मुलीला देऊन टाकली. गोदीला पत्र लिहायचं का, असं मी एकदा चाचरत विचारलं, तर म्हणाली, कशास? तिला नको तर मज का हवी? पुढच्या बातमीपत्रात मी बालदिनाची बातमी घातली, वेशभूषेची, लिंबू-चमच्याच्या शर्यतीची. गोदीबद्दल एक शब्द नाही. कुणी विचारलंही नाही.

त्याच महिन्यात मी हिंदीच्या बाईंकडे पुन्हा जाऊ लागले, संध्याकाळची, रोज. देवनागरी शिकले. तीन महिन्यांत मी हाताचं अक्षर सरसर वाचू लागले, पुढं मराठी पुस्तकं मागवली, आज तुमच्याशी बोलते आहे ती त्याच शिकण्यामुळे. पश्चात्तापानं शिकले असं लिहायला किती बरं वाटलं असतं. मी भीतीनं शिकले. सोलापूरहून दुसरं पत्र आलं आणि यमुनाक्कानं ते भलत्याच कुणाकडून वाचून घेतलं तर — ही भीती.

पत्र आलं. माघात, साधं कार्ड. तिनं ते माझ्याकडेच आणलं, दुसरीकडे ती कशाला जाईल? माझ्यावर तिचा विश्वास होता. दुपारची वेळ, मुलं पानावर बसली होती, आम्ही दोघी माठाजवळच्या पायरीवर. या खेपेला मला प्रत्येक अक्षर वाचता आलं. गोदीच्या मुलानं लिहिलं होतं: “मावशी, आई गेली. शेवटपर्यंत दाराकडे बघत होती. अक्काला पत्र पोचलं नसेल, नाहीतर ती आल्याशिवाय राहायची नाही, असं म्हणत होती. शेवटचे दोन दिवस तिच्या तोंडी फक्त तुमचं नाव होतं.”

म्हणजे गोदी रागावली नव्हती. मरतामरतासुद्धा ती बहिणीची बाजू घेत होती. आणि इथं ही…

मी यमुनाक्काला सांगितलं, मुलगा कळवतो आहे, आई वारली. फार त्रास झाला नाही.

ती रडली नाही. लुगड्याच्या काठावरून बोट फिरवत बसली. मग माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, “जाताना माझं नाव घेतली का, टीचर?”

हो म्हटलं तर ती पुढचं विचारणार होती — मग आली का नाही? मग आणखी काय लिहिलंय? मग ते पहिलं पत्र पुन्हा काढा बघू. हे सगळं माझ्या डोक्यातून एका क्षणात गेलं, इतकी हुशार मी होते. मी कार्ड उचलून पुन्हा पहिल्यापासून पाहिलं, शोधल्यासारखं केलं.

“नाही,” म्हणाले. “तसं काही लिहिलेलं नाही.”

तिनं मान हलवली. “असू दे,” म्हणाली, उठली आणि जेवलेल्या पोरांच्या हातावर पाणी घालायला गेली.

त्यानंतर ती तेरा वर्षं जगली. सुट्ट्या सोडल्या तर रोज सकाळी फाटकात आमची भेट व्हायची.