हात खिशात

बस थांबली की मुलं उड्या मारत उतरायची. त्यांच्यामागून वानखडे सर सावकाश उतरायचे आणि पहिलं वाक्य एकच बोलायचे, "हाथ जेब में।" मग तीस-पस्तीस मुलंमुली कोरड्या नदीच्या पात्रात खिशात हात घालून उभी राहायची. दहा मिनिटं. बोलायचं नाही, फोन काढायचा नाही, वाकायचं नाही. नुसतं पाहायचं. एकदा शेळ्या चारणारे एक म्हातारबाबा बराच वेळ हे बघत थांबले आणि शेवटी बसपाशी येऊन मला विचारू लागले, "बहन जी, बच्चों को सज़ा मिली है?"

मी बसमध्ये पुस्तक वाचत बसले होते. सहलीला मुली असल्या तर एक तरी बाई बरोबर हवी, असा कॉलेजचा नियम. मी कॉलेजची ग्रंथपाल. शनिवारी माझ्यावाचून कुणाचं अडत नसे, म्हणून दर वेळी मलाच पाठवत. सर खिडकीखाली येऊन म्हणायचे, "ताई, पुस्तक काही पळून जात नाही. या ना खाली."

"मला दगडातलं काय कळतंय, सर?"

"मलाही कमीच कळते. पण पाहून तर राहिलो ना."

मी हसून पान उलटायची. असं पुष्कळ वर्षं चाललं.

सर भूशास्त्र शिकवायचे. मूळचे वर्धा जिल्ह्यातले, हिंगणघाटकडचे. चंदीगडात भेटणारी मराठी माणसं बहुतेक बदलीवर आलेली असतात आणि तीन वर्षांनी सामान बांधतात. आम्हीही हवाई दलाच्या बदलीवरच आलो आणि यजमानांच्या निवृत्तीनंतर इथेच राहिलो. सर मात्र संशोधनासाठी शिवालिकच्या टेकड्या पाहायला म्हणून आले होते. "टेकड्या संपल्याच नाहीत, म्हणून राहून गेलो," असं सांगायचे. ग्रंथालयात पहिल्यांदा आले ते पुस्तकासाठी नव्हे, रद्दीसाठी. मी फोनवर आईशी मराठीत बोलत होते. फोन ठेवेपर्यंत ते शांतपणे उभे राहिले.

"कुठल्या तुम्ही?"

"सांगलीची."

"मी वर्धेकडचा. म्हणजे आपल्याला एकमेकांची मराठी समजायला दोन-तीन वर्षं लागतील." मग कामाचं बोलले. "जुने पेपर पाहिजे होते. लेकरं दगडं आणतात. उघडी आणली तर एकमेकांवर घासतात."

त्या दिवसापासून ग्रंथालयाची जुनी वर्तमानपत्रं सरांच्या नावाने बाजूला निघू लागली.

दहा मिनिटं संपली की हात खिशातून निघायचे, पण दगडाकडे नाही, वहीकडे. दगड कुठे पडलाय, कोणत्या थरात आहे, त्याच्या वर काय, खाली काय, हे लिहायचं. जागेवर असतानाच त्याचं चित्र काढायचं, टेपने मोजायचं. मग उचलायचा, वर्तमानपत्रात गुंडाळायचा आणि कागदाच्या कोऱ्या कडेला पेन्सिलीने ठिकाण लिहायचं. पंचकुल्याच्या पलीकडे त्या टेकड्यांत हत्तीच्या दाढेचे तुकडे मिळतात, कासवाच्या पाठीच्या चकत्या मिळतात, लाखो वर्षांपूर्वीच्या, दगड होऊन गेलेल्या. मुलांना अर्थातच धीर नसायचा. "सर जी, पहले उठा लें, बाद में लिख लेंगे," असं कुणीतरी म्हणायचंच. सरांचं उत्तर ठरलेलं होतं. "पुत्तर, तेरा घर कौन-से सेक्टर में?" "बाईस में, सर." "मकान नंबर?" तो सांगायचा. "सेक्टर आणि नंबर काढून टाकला तर तुला पत्र येईल का?" हे ते मराठीतच बोलून जायचे आणि मग लक्षात आलं की हिंदीत सांगायचे. "पत्थर का भी ऐसा ही है। घर से उठाया और पता नहीं लिखा, तो वो सिर्फ़ पत्थर है।" चंदीगडच्या मुलांना हे लगेच पटायचं. त्यांचं सगळं गावच नंबरांचं.

सिमरन नावाची एक मुलगी पहिल्या सहलीला आली तेव्हा तिच्या कुर्त्याला खिसाच नव्हता. "मैं क्या करूँ, सर?" सर विचारात पडले. इतक्या वर्षांत हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. मुली आपल्या हात पाठीमागे धरून उभ्या राहत आल्या होत्या. पुढच्या सहलीला सिमरन शिंप्याकडून दोन खिसे लावून घेऊन आली, चांगले खोल. त्यानंतरच्या सहलीला निम्म्या मुलींना खिसे होते. सर घरी बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, कौतुकाने सांगत होते, "अवं, माझ्यामुळं चंदीगडात फॅशन बदलून राहिली." वहिनी म्हणाल्या, "आधी सोताच्या शर्टाचा खिसा शिवून घ्या. हातोडी ठेवून फाडला."

सहलीहून आल्यावर मुलांच्या वह्या सर ग्रंथालयात जमा करायचे. "नोंदवून ठेवा, ताई." कुणी मागायला येणार नाही हे दोघांनाही माहीत होतं. तरी मी प्रत्येक वहीला नंबर दिला, नाव आणि वर्ष घातलं आणि मागच्या कपाटात लावल्या. सर दुसऱ्यांच्या लिहिण्याबद्दल इतके काटेकोर, पण त्यांची स्वतःची खोली म्हणजे नुसता ढिगारा. कागदात गुंडाळलेले दगड टेबलाखाली, खुर्चीवर, खिडकीत. दगडांवर रंगाने नंबर टाकायचे, असं दर उन्हाळ्यात ठरायचं आणि राहून जायचं.

चार वर्षांपूर्वी नवे प्राचार्य आले. त्यांच्या मते या सहली म्हणजे कॉलेजच्या पैशाने चाललेली पिकनिक होती. भूशास्त्राची मुलं कमी, खोल्या दोन. त्यातली एक संगणकांसाठी हवी होती. मार्चमध्ये बाहेरून तपासणी समिती येणार होती. प्राचार्यांनी सरांना स्पष्ट सांगितलं, "समिती को दिखाइए कि इतने साल में इन ट्रिप्स से क्या निकला। नहीं तो कमरा भी जाएगा, ट्रिप भी।" सर निवृत्तीला आले होते. खोलीचं त्यांना फारसं वाटत नव्हतं. सहली बंद पडतील, या विचाराने मात्र ते जेवेनासे झाले, असं वहिनी म्हणाल्या.

आणि नेमकी तेव्हाच गावाकडे त्यांची आई आजारी पडली. तीन आठवडे ते तिकडे अडकले. मी फोनवर म्हटलं, "सर, खोलीची काळजी करू नका. मी लावून ठेवते."

"तुम्हाला त्रास, ताई."

"लावणं हेच तर माझं काम आहे."

मी ते मनापासून केलं. होळीच्या सुट्टीत रोज जाऊन एकेक पुडकं सोडलं. दगड कोमट पाण्याने, मऊ ब्रशने धुतले. हाडं एकीकडे, दात एकीकडे, चकत्या एकीकडे. लहान पुढे, मोठे मागे. प्रत्येकाखाली पांढरं कार्ड, त्यावर सुवाच्य अक्षरात क्रमांक. ग्रंथालयात नवी पुस्तकं आली की आम्ही वेष्टन सोडतो, पुस्तक पुसतो, शिक्का मारतो, नंबर टाकतो आणि वेष्टन रद्दीत देतो. हात सवयीने चालत होते. कडेची पेन्सिलीची अक्षरं मला दिसली नाहीत असं नाही. दिसली, पण वेष्टनावर कुणी काय लिहिलंय ते वाचायची मला सवय नव्हती. दोनशेच्यावर दगडांचे कागद मी गठ्ठे बांधून रद्दीवाल्याला दिले.

सर परतले तेव्हा समिती यायला आठ दिवस होते. मी त्यांना कौतुकाने खोलीत घेऊन गेले. काचेच्या कपाटात सगळं लखलखत होतं. सर दारातच थांबले. त्यांनी दोन्ही हात खिशात घातले आणि नुसते पाहत राहिले. किती वेळ, मी मोजलं नाही. मग हळूच म्हणाले, "ताई, कागद कुठं आहेत?"

मी सांगितलं. सांगता सांगताच मला कळलं.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. खुर्चीवर बसले, एक दाढ तळहातावर घेतली. "किती सुंदर धुतली तुम्ही. आंघोळ घातली, नटवलं. फक्त घर पुसून गेलं बिचाऱ्यांचं."

"मी प्राचार्यांना सांगते, सर. चूक माझी आहे. लेखी देते."

"चूक माझीही आहे. दगडावर नंबर टाकायला काय झालं होतं मला? ते मग पाहू, कुणाची किती. आधी घरं शोधू."

त्या दुपारी मी ग्रंथालयात परतले आणि टेबलावर डोकं ठेवून बसले. समोर मागचं कपाट होतं. त्यातल्या वह्या दिसत होत्या, माझ्याच अक्षरात नंबर घातलेल्या. प्रत्येक वहीत दगडाचं चित्र, माप आणि उचलण्यापूर्वीची जागा. मी उठले आणि पहिल्या दहा वह्या छातीशी धरून सरांच्या खोलीकडे निघाले. वाटेत मी पळत होते, हे नंतर शिपायाने सांगितलं.

पुढचे सात दिवस आम्ही चित्रं आणि दगड जुळवत होतो. सिमरन तेव्हा शेवटच्या वर्षाला होती. तिने जुन्या विद्यार्थ्यांना फोनवर फोटो पाठवायला सुरुवात केली. उत्तरं येऊ लागली. कुणी कॅनडातून, कुणी गुडगावच्या ऑफिसातून. मोहालीच्या नॉलेज सिटीत संशोधन करणारा एक जण तर जेवणाच्या सुट्टीत स्कूटरवरून आला. एक दाढ उचलून म्हणाला, "ये मेरी है, सर। इसका कोना मुझसे टूटा था। आपको बताया नहीं था।"

"मला तेव्हाच माहीत होतं," सर म्हणाले. "वहीत तू कोना सहित काढली होती आणि पुडक्यात बिना कोन्याची आली."

सहा-सहा वर्षांपूर्वीची चित्रं. काही इतकी वेडीवाकडी की कासवाची चकती पापडासारखी दिसत होती. पण माप बरोबर होतं आणि जागा लिहिलेली होती. सर एकेक जागा मोठ्याने वाचायचे, मी कार्ड लिहायची, सिमरन दगडावर बारीक ब्रशने नंबर घालायची. त्या आठवड्यात सर पुन्हा जेवायला लागले. वहिनी खोलीवरच डबा पाठवायच्या, झुणका-भाकरी. सिमरन ती लोणी घालून खायची आणि सर कपाळावर हात मारायचे.

शेवटी एकोणीस दगड उरले. त्यांची चित्रं सापडेनात. पावसात भिजलेल्या वह्या, न जमा केलेल्या वह्या. समिती दुसऱ्या दिवशी येणार होती. सिमरन म्हणाली, "सर, अंदाज़े से लिख दें? इतने में कौन देखेगा?"

"मैं देखूँगा ना, पुत्तर।"

ते एकोणीस दगड त्यांनी सगळ्यात पुढच्या फळीवर मांडले आणि मला कार्डं लिहायला सांगितली: ठिकाण माहीत नाही. माझा हात थांबला. ती माझ्या चुकीची एकोणीस कार्डं होती. "लिहा, ताई," सर म्हणाले. "माहीत नाही, हेही नीट लिहायला लागते."

समितीतल्या एका वयस्कर बाईंनी नेमकं तेच विचारलं. प्राचार्य शेजारी उभे होते. मी पुढे झाले, पण सर आधी बोलले. "ये हमारे विभाग की ग़लती है, मैडम। पता खो गया। बाक़ी सबका बच्चों ने ढूँढ निकाला।" आणि त्यांनी त्या पापडासारख्या चित्राची वही उघडून दिली. बाई वही वाचत उभ्या राहिल्या. मग दुसरी मागितली, मग तिसरी. चहा आला आणि गार झाला. जाताना त्या प्राचार्यांना म्हणाल्या की मुलांच्या हातचं इतकं खरं काम त्यांनी फार थोड्या कॉलेजांत पाहिलंय. खोली राहिली. सहली राहिल्या. पुढच्या सहलीला प्राचार्य स्वतः आले आणि दहा मिनिटं हात खिशात घालून उभे राहिले. त्यांची चुळबुळ पाहून सर मला खिडकीतून डोळ्यांनी खुणावत होते.

सर निवृत्त झाले, तरी दर शनिवारी खोलीत येत. गेल्या डिसेंबरात धुक्याच्या दिवसांत त्यांना न्यूमोनिया झाला आणि पाच दिवसांत ते गेले. स्मशानात त्यांचे विद्यार्थी इतके होते की वहिनी मला म्हणाल्या, "आम्हाला लेकरू नव्हतं, असं आता कोण म्हणंल, ताई?" थंडी खूप होती. बहुतेकांचे हात खिशात होते. कुणी बोलत नव्हतं.

फेब्रुवारीत सहल निघाली. सिमरन आता आमच्याकडेच तात्पुरती शिकवायला आहे. पहिल्या वर्षाच्या मुलांनी सरांना सहलीवर कधी पाहिलेलं नव्हतं. बस पात्राशी थांबली, मुलं उड्या मारत उतरली आणि सिमरन म्हणाली, "हाथ जेब में।" आवाज तिचाच होता, नक्कल नव्हती.

मी पुस्तक पिशवीत ठेवलं आणि खाली उतरले. आदल्या आठवड्यात सेक्टरच्या शिंप्याकडून मी कुर्त्याला खिसे लावून घेतले होते. तो म्हणाला होता, "मैडम, इस उमर में जेब?" मी हात आत घातले आणि उभी राहिले. सुरुवातीला मला काहीच दिसलं नाही, नुसते दगड. मग हळूहळू दरडीतला तांबूस मातीचा थर वेगळा दिसू लागला, त्याच्या वर वाळूचा, त्याच्या वर गोट्यांचा. आणि तांबूस थराच्या कडेला, माझ्या पावलापासून हातभर अंतरावर, खडबडीत, काळपट असं काहीतरी. इतकी वर्षं ते सगळं खिडकीबाहेरच होतं.

दहा मिनिटं झाली. मी वही काढली. ते काय आहे हे मला अजून माहीत नव्हतं. आधी जागा लिहिली.