गुलाबच्या गाठी

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, देवासमोरसुद्धा नाही. मग तुम्हाला का सांगतो आहे? — वैताग आला म्हणून. आज सकाळी गुलाबनं पुन्हा निरोप धाडला. गाठ मारायला या.

गुलाब आमच्या उंद्रीचा पिंजारी. गाद्या भरून त्या शिवणारा माणूस, आणि त्याला गाठ मारता येत नाही! म्हणजे येते — पण तो मारत नाही. शेळी बांधायची, बोलवा किसनला — म्हणजे मला. गवताचा भारा, खाटेची दोरी, पोरीच्या लग्नाचा मांडव — बोलवा किसनला. पंचवीस वर्षं हेच. हातातलं काम टाकून जायचं, आणि वर त्याचं ऐकून घ्यायचं : "माह्या हाताले गाठीचा गुणच नाई भाऊ. तुले त ठाऊक हाये."

ठाऊक आहे. मलाच ठाऊक आहे.

मागच्या जर्मन लढाईत आम्ही दोघं सरकारी फौजेबरोबर समुद्रापार बसऱ्याला होतो. बंदुका नव्हत्या हो आमच्या हातात — खेचरं होती, पाण्याच्या पखाली वाहणारी. संध्याकाळी दोघं मिळून ती बांधायचो. निरगाठच मारायची, असा हुकूम होता. पण मी पाटलाचा सालदार, जन्म बैलांत गेलेला. बैलाला आम्ही सुरगाठ मारतो, एक टोक ओढलं की सुटते. बैल बिचारा तिच्या वाटेला जात नाही. खेचर दातांनी ओढतं. त्या दिवशी चहा वाटायला लागले होते, आणि शेवटच्या, फाटक्या कानाच्या खेचराला मी — सवयीनं म्हणू? की आळसानं? — सुरगाठ मारली.

सकाळी ते खेचर गायब. हवालदारानं आम्हा दोघांना उन्हात उभं केलं. "किसने बांधा था?" गुलाबनं माझ्याकडं पाहिलं. घाबरून नाही — तो खरंच आठवून पाहत होता. त्याला आठवेना. मला आठवत होतं.

मी म्हणालो, "गुलाबनं."

आणि हा शहाणा काय म्हणाला असेल? "हाव जी. किसन म्हणते त मीच असन."

आता अशा माणसाचं काय करायचं, सांगा! भांडला असता, तर मी — तर मी काय केलं असतं? काहीच नाही. सगळ्या तळासमोर त्याला फटके बसले. नंतर पाठीला तेल मीच लावलं, तर मलाच म्हणाला, "माह्यापायी तुले उन्हात उभं राहा लागलं."

गावी आल्यावर मी त्याच्यावरच चिडायचो. हा एकदा तरी स्वतः गाठ मारून का पाहत नाही? टिकली असती, तर ते खेचर त्याच्या गाठीतून सुटलं नव्हतं, हे त्याचं त्यालाच कळलं असतं. म्हणजे माझं पाप त्यानंच शोधून काढायचं! पाहा माझा न्याय.

आज गुलाबच्या नातीचा पाळणा बांधायचा होता. आढ्यावरून दोर टाकून तो नुसता बसून होता. पोर रडून लाल झालेली, सून करवादत होती. मी निरगाठ मारली, वर आणखी एक मारली, दोराला लटकून पाहिलं. तरी म्हटलं, "तूही वढून पाह्य बे एकदा."

तो हसला. "काऊन? तू बांधली ना."

आणि नातीला पाळण्यात ठेवलं.