दावं

ज्या माणसावर मी नऊ वर्षं डूख धरून होते, तो आम्हाला साफ विसरला होता. फसवल्याचा राग एक वेळ निवला असता. विसरल्याचा आजही निवलेला नाही.

माझे वडील, आबा, जनावरांच्या बाजारात दलाल होते. मुरगूडला बाजार असो की नेसरीकडं, उपरण्याखाली बोटं धरून सौदा व्हायचा आणि आबांनी हात सोडला की दोन्ही बाजू गप्प बसायच्या. आमच्याकडं एक रीत आहे. जनावर विकलं तरी त्याच्याबरोबर दावं द्यायचं नाही. घेणाऱ्यानं आपलं दावं आणायचं. जुनं दावं घरात राहिलं की गोठा रिकामा पडत नाही, असं मानतात. आमच्या पडवीत एका लांब खुंटीवर विकलेल्या बैलांची, म्हशींची दावी टांगलेली असायची. त्यातलं कुठलंही हातात घेऊन आबा त्या जनावराचं नाव आणि खोड सांगायचे.

नव्वदीच्या मध्यावर आबांच्या डोक्यात जहाज शिरलं. आमच्या बाजारातली शेरडं घाट उतरून कोकणात जात आणि तिथून जहाजात भरून आखातात. पारख आपली, पायपीट आपली आणि मलई जहाजवाल्याची, हे आबांना खुपायचं. "जहाज म्हंजे तरी काय," ते म्हणायचे, "पाण्यावरचा गोठाच की."

दोन भावकीवाल्यांना भागीत घेऊन आबा बंदरावर गेले. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते, हट्टानं बरोबर गेले. शेरडं-मेंढरं नेणारी जुनी जहाजं घ्यायची, रंगवायची आणि विकायची, असा धंदा करणारा एक शेठ तिथं होता. आवाज मऊ, कपडे पांढरेशुभ्र. इंजिन बसवलेलं एक लाकडी गलबत त्यानं दाखवलं. आबांनी ते बैलासारखं तपासलं. फळ्यांवर थाप मारली, वास घेतला, तळात उतरून ओल चाचपली. खाली जनावरांचे कप्पे होते, त्यांना लोखंडी फाटकं, हवेसाठी पंखे, पाण्यासाठी पंप. लाकूड पक्कं होतं. आबांची पारख चुकली नव्हती, हे मी आजही सांगेन.

चूक झाली ती बोलण्यात. सौदा ठरल्यावर आबा मोठ्या मनानं म्हणाले, "पावणं, आमी जनावरासंगं दावं घेत न्हाय. जहाजाचंबी तसंच. तुमचं दावं तुमाला."

शेठ हसला. मग त्यानं हळूच विचारलं, "दावं म्हणजे नक्की काय हो, मालक?"

"ज्यानं बांधायचं आन् सोडायचं, ते."

दुसऱ्या दिवशी स्टँपपेपर आला. आबांचा चष्मा घरी राहिलेला, म्हणून वाचायचं काम माझ्याकडं. मी कॉलेजात वक्तृत्वाच्या ढाली जिंकणारी. 'विकणाऱ्याचे दावे, म्हणजे जहाजावरील बांधता व सोडता येण्याजोगे सर्व सामान, विकणाऱ्याकडेच राहील.' हे कलम मी खास आवाज लावून वाचलं. एवढ्या मोठ्या माणसानं आमची रीत कागदावर घेतली म्हणून माझा ऊर भरून आला होता. आबांनी सही केली. शेठ म्हणाला, "मुलगी किती छान वाचते."

ताबा घ्यायच्या दिवशी आबांनी गुलाल नेला, नारळ नेले, जीप भरून पाहुणे नेले. मागून दोन ट्रक शेरडं. जहाजावर चढलो तर फाटकं नाहीत. पंखे नाहीत, पंप नाही, नांगर आणि साखळी नाही, सुकाणूचं चाकसुद्धा नाही. जिथं जिथं बोल्ट होता तिथं तिथं भोक. इंजिन तेवढं राहिलं होतं.

"मालक, बोल्ट सोडला की सुटतं ते सगळं दावंच की," शेठ म्हणाला. "तुमचाच शब्द आहे. आणि मुलीनं वाचूनही दाखवलं होतं."

शेरडं दिवसभर उन्हात ट्रकमध्ये ओरडत राहिली. संध्याकाळी ती परत घाट चढली.

पुढच्या बाजारात कुणीतरी मागून आवाज टाकला, "आबा, दावं हाय नव्हं?" पुढं ही चेष्टा वडगावपर्यंत गेली. लहान व्यापारीही म्हणायला लागले. ज्या माणसाच्या हात सोडण्यावर बाजार गप्प बसायचा, तो माणूस घरात बसला. भागीतले दोघं अंग काढून घेऊन गेले. जहाज दुरुस्त झालं, एक तांडेल ते चालवायला लागला, पण आबांनी त्यावर पाय ठेवला नाही. बाजारातही गेले नाहीत. जेवायला बसले की आई भाकरी वाढायची आणि आम्ही तिघंही ताटाकडं बघत जेवायचो.

मी वकिलीला गेले. लोकांना वाटलं हुशार आहे म्हणून. मी गेले ती त्या एका कलमासाठी. कोर्टात दावा लावायचा म्हणून बरंच धुंडाळलं, पण सही आबांची आणि वाचणारी मी, काही निघेना. तेव्हा समजलं, दावा म्हणजे खटला आणि दावा म्हणजे वैरही. पहिला जमला नाही, मी दुसरा धरला. शेठचा आजार, शेठचं नुकसान, शेठच्या घरातलं भांडण, बंदराकडून येणारी असली प्रत्येक बातमी मला गोड लागायची. हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

आणि एक दिवस त्याचाच फोन आला. बकरी ईद तोंडावर होती, आखातातून मागणी होती आणि त्याला तयार जहाज हवं होतं. कुठून तरी माझा नंबर मिळाला होता. "तुमच्या वडिलांचं एक गलबत आहे म्हणे," तो म्हणाला. म्हणे. मी गोड आवाजात म्हणाले, हो, विकायचंय.

आबांचं मुखत्यारपत्र घेऊन करार मी केला. कलम शब्दाला शब्द त्याचंच. तो घाईत होता, तरी त्या ओळीवर थांबला. "हे कुठंतरी वाचलंय," म्हणाला आणि हसला. "तुमच्या घाटावरच्या रीती." सही केली.

उद्यमनगरातल्या एका ओळखीच्या कारखान्यातून मी पान्हेवाले आणि जड सामान उचलायचा चेनब्लॉक नेला. ओहोटीला गलबत चिखलात टेकतं, तेव्हा खालचा, जहाज पुढं रेटणारा पितळी पंखाही काढून घेतला. फाटकं, पंप, चाक, दारं. बादल्या दोरीनं बांधलेल्या होत्या, त्या सोडल्या. खिळ्यानं ठोकलेल्या एकाही वस्तूला हात लावू दिला नाही. कलम म्हणजे कलम. आणि इंजिन. ते त्यानं आळसानं ठेवलं होतं, मी ठेवलं नाही.

ताब्याच्या दिवशी आबांना मी जवळजवळ ओढून नेलं. त्यांनी बघावं, एवढ्यासाठीच सगळं होतं. शेठ आला, मागून त्याचे शेरडांचे ट्रक आले. तो जहाजावर चढला आणि त्याच्या रिकाम्या तळात उतरून वर आला. मी धक्क्यावर उभी राहून ते कलम वाचलं, ढालीवाल्या आवाजात, शब्द न शब्द. तेव्हा त्याला आठवलं. त्याचा चेहरा बदलताना मी बघितला. आयुष्यात तेवढा आनंद मला पुढं लग्नातही झाला नाही.

तो आबांकडं वळून म्हणाला, "मालक, तुम्ही तर असे नव्हता."

आबा ट्रककडं बघून म्हणाले, "शेरडास्नी पाणी पाजा आदी." पण पाजणार कशानं? बादल्या आमच्या टेंपोत होत्या. आबांनी स्वतः टेंपोत चढून त्या उतरवल्या आणि एकेका ट्रकला पाणी दिलं. मला हात लावू दिला नाही. परत येताना घाटभर ते बोलले नाहीत. मी मनाशी म्हटलं, माणूस भरून पावला की असाच गप्प होतो.

चार महिन्यांनी आम्ही म्हैस विकली. नेसरीचे एक शेतकरी रीतीप्रमाणं नवं दावं घेऊन आले होते. ते जुनं सोडायला वाकले तर आबा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. दाव्यासकट न्या."

ते गोंधळले. "आबा, असं कसं? दावं घरात ऱ्हायला नगो?"

मी गोठ्याच्या दारात चहाचे कप घेऊन उभी होते. आबांनी माझ्याकडं बघितलं नाही.

"न्या पावणं," ते म्हणाले. "घरात दावा हाय आमच्या. त्यो पुरं हाय."