तुमच्याच दुकानात काऊन चालते?

लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात दिवसाअखेर दोन गोष्टी हमखास उरतात. एखादा स्क्रू आणि एखादा किस्सा! स्क्रूबद्दल गिऱ्हाइकापुढं बोलायचं नसतं, म्हणून मी किस्से सांगतो. गोंदियात मी आणि मुर्री गावचा मेश्राम, असे आम्ही दोघं पार्टनर. लोक जावई पाहायला जातात तेव्हाही इतकं निरखत नसतील, जितकं लॅपटॉप टाकताना आम्हाला निरखतात.

*

एका राईस मिलवाल्या शेठजींनी लॅपटॉप दिला तो फक्त विंडोजऐवजी लिनक्स टाकायला. टेबलावर ठेवला तर सुरूच होईना. नुसता टूं टूं!

उघडून पाहतो तर रॅमच्या पट्टीला कुंकवाचा टिळा. आम्ही पट्टी बदलू नये म्हणून शेठजींनी घरूनच खूण करून पाठवली होती, आणि ते कुंकू खाचेत उतरलं होतं. पुसलं, बसवलं, लॅपटॉप सुरू.

संध्याकाळी शेठजी आले. स्क्रीनकडं पाहिलंसुद्धा नाही. आधी मागचं झाकण खोलायला लावलं.

"टीका कहाँ गया?"

"शेठजी, उसी की वजह से बंद था."

"मतलब, माल बदल दिया!"

*

मेश्रामच्या गावचे एक काका आले. विंडोज पार बसलं होतं. मी म्हटलं, "काका, लिनक्स टाकून देतो. व्हायरसचा ताप नाही, आणि फुकट आहे."

'फुकट' म्हणायला नको होतं.

"फुकट? काऊन?"

"जगभरातले लोक मिळून बनवतात, काका."

"त्यायले काय भेटते?"

"समाधान."

काकांनी लॅपटॉप पिशवीत घातला. "समाधानासाठी कोनी एवढा राबते का बाप्पा! यात कायतरी हाय." आणि सायकलवर टांग टाकून गेले.

मेश्राम माझ्यावरच चिडला. "शंभर रुपये सांगायचे ना बे! टाकून घेतलं असतं त्यायनं."

*

मेश्राम तरी कुठला साधा! एक पोरगा लॅपटॉप घेऊन आला. "बटन दाबलं का अर्ध्यावर अटकते. आपोआप झालं."

मेश्रामनं कीबोर्ड नाकाला लावला. "चाय सांडवली?"

"छे!"

"अद्रकवाली होती."

पोरगा हादरला. इकडं तिकडं पाहून हळूच म्हणतो, "तुमाले घरून फोन आला का?"

*

आता नागरा गावचे बिसेन गुरुजी. निवृत्त हेडमास्तर. विंडोज नसलेला नवा लॅपटॉप घेऊन आले. मेश्रामनं लिनक्स टाकलं. सुरू होताना स्क्रीनवर ओळी भराभर पळतात ना, गुरुजी चष्मा लावून त्या तपासत बसले.

"थांबा. इथं 'फेल्ड' लिवलं हाय. हा एका विषयात नापास हाय."

"गुरुजी, एवढं तेवढं चालतं."

"मी चालवून घेत नव्हतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी दारात. घरी काळा स्क्रीन, आणि आत काही सिस्टिमच नाही अशी इंग्रजीत एक ओळ. मी सवयीनं ड्रॉवरमधला, लिनक्स टाकायचा आमचा पेन ड्राइव्ह लावला, बटन दाबलं. लॅपटॉप सुरू! पेन ड्राइव्ह काढला, लॅपटॉप परत दिला. पुढच्या दिवशी पुन्हा तेच.

गुरुजी लॅपटॉपकडं नाही, माझ्याकडं पाहत होते. "तुमच्याच दुकानात काऊन चालते?"

मला त्यांच्या घरच्या लाइटीचा संशय. मेश्रामला गुरुजींचाच. "म्हातारा मुद्दाम करून रायला बे!"

गुरुजींनी नागऱ्याच्या चहाटपरीवर जाहीर केलं, "थे दोघं लॅपटॉपचा जीव दुकानातच ठेवून घेतात." झालं! आधी नागऱ्याचं गिऱ्हाईक तुटलं, मग मुर्रीचं. दिवसभर आम्ही दोघं एकमेकांची तोंडं पाहत बसायचो. खोटं नाही सांगत, असंच आणखी महिनाभर चाललं असतं तर दुकानाला कुलूप लागलं असतं.

शेवटी आम्ही दोघं गुरुजींच्या घरी गेलो. पेन ड्राइव्ह लावला, बटन दाबलं. सुरू! मेश्राम पेन ड्राइव्ह काढायला गेला, तर गुरुजींनी त्याचं मनगट धरलं.

"हे इथंच राहीन. जामीन म्हनून."

आणि दोरा घेऊन त्यांनी पेन ड्राइव्ह होता तिथंच लॅपटॉपला बांधून टाकला.

परतताना मेश्रामनं मध्येच मोटरसायकल थांबवली. चेहरा उतरलेला. "बे, बटन दाबल्यावर लिनक्सले उठवणारा छोटा प्रोग्राम हार्ड डिस्कवर टाकायचा असते ना? म्या थो चुकून पेन ड्राइव्हवर टाकला."

म्हणजे गुरुजी बरोबर होते. लॅपटॉपचा जीव खरंच आमच्या ड्रॉवरमध्ये होता! त्यांच्यानंतर लिनक्स टाकायला कुणी आलंच नाही, नाहीतर तेव्हाच कळलं असतं.

तसेच मागं फिरलो. मेश्रामनं हात जोडून चूक सांगितली. "गुरुजी, पाच मिनिटं द्या, नीट करतो."

"चालू हाय ना? मंग कायले हात लावता?" गुरुजींनी लॅपटॉप पोटाशी धरला.

पुढं तो रोज चालला. टपरीवर नवी बातमी गेली, "दुकानदाराचा जामीन ठेवून घ्या, मंग काम बराबर होते." आणि गिऱ्हाईक परत यायला लागलं.

सगळ्यात आधी आले ते समाधानवाले काका. लिनक्स टाकून घेतलं. पेन ड्राइव्हशिवाय मी त्यांच्यासमोर तीनदा सुरू करून दाखवलं. काकांनी लॅपटॉप पिशवीत घातला आणि हात पुढं केला. "जामीन?"

"काका, तुमच्या लॅपटॉपला लागतच नाही. पाहिलं ना तुम्ही?"

काकांनी दुकानभर नजर फिरवली, मेश्रामचं हेल्मेट उचललं, सायकलच्या हँडलला अडकवलं आणि निघाले.

मेश्राम मागं धावला. "काका! थे माहं हेल्मेट हाय!"

"मालूम हाय. म्हनूनच घेतलं."