दुर्बिणीवरची चिकटपट्टी

ह्यांच्या वर्षश्राद्धाला धाकटी नणंद देवगाव रंगारीहून आली, ती पिशवीत एक लहानसं खोकं घेऊन. त्यात मोबाइल दुर्बिणीला जोडायची काळी पकड होती. लेकाकडून मागवून घेतली म्हणाली.

“वहिनी, दादानं मला जन्मभर पक्षी दाखवले, आन् मला त्या भोकातून माझ्या पापण्यांशिवाय काही दिसलं नाय. ‘दिसला का?’ म्हणायचा. मी ‘व्हय’ म्हणायची. आता तरी बघू द्या.”

तिवईवर बसवायची ती लांबट, एका डोळ्यानं बघायची दुर्बीण ह्यांनी फार जपली. हिवाळ्यातला बहुतेक प्रत्येक रविवार जायकवाडीच्या काठावर जायचा. मीही जायचे, पण पुस्तक घेऊन. फोटो त्यांनी कधी काढला नाही. ते गेल्यावर मी दुर्बीण कपाटातून काढली आणि फोकसच्या चक्रावर चिकटपट्टी लावून टाकली. ते चक्र शेवटचं त्यांच्या बोटांनी थांबवलं होतं. ते हलू नये एवढंच मला हवं होतं. तेव्हापासून तिच्यातून मी पाहिलंही नव्हतं, आणि हे कुणाला सांगितलंही नव्हतं.

श्राद्धानंतर दोन दिवसांनी आम्ही दोघी गाडी करून धरणाच्या काठावर गेलो. तिवई तिनं कुदळीसारखी खांद्यावर टाकली. पकड बसवायलाच बराच वेळ गेला. दुर्बिणीच्या तोंडाची रबरी कड खाली दुमडायची, पकड आवळायची, मग मोबाइलचा कॅमेरा नेमका भोकाच्या मध्यावर आणायचा. केसभर सरकला की सगळा पडदा काळा. शेवटी त्या काळ्यात एक उजेडाचा गोल आला. त्यात नुसतंच करडं काहीतरी होतं.

“धुकं दिसतंय,” मी म्हणाले.

“धुकं कुठलं? चांगलं ऊन पडलंय.” तेवढ्यात तिला पट्टी दिसली. “हे काय?”

मी सांगितलं. वाटलं, हसेल. तिनं पट्टीवरून अंगठा फिरवला.

“दादा हे चक्र हरेक पक्ष्याला फिरवायचा, वहिनी. तुम्ही पुस्तकात डोकं घालून बसायच्या, मी बघायची. त्याचा हात एका जागी नव्हताच कधी.”

“पण शेवटी इथं थांबला ना.”

“व्हय. मग बघू तरी, कशावर थांबला ते.”

पट्टी तशीच ठेवून मी दुर्बीण हळूहळू जवळच्या काठाकडं वळवली. जागा तीच असण्याचं कारण नव्हतं. कळलं तर फक्त ते किती लांबचं बघत होते, ते अंतर कळणार होतं. एका ठिकाणी पडद्यावरचा चिखल अचानक स्वच्छ झाला. ओली काळी माती, त्यात रुतलेली एक वाळकी काडी. पक्षी नव्हता.

“काहीतरी बसलं असंल तिथं,” नणंद म्हणाली. “नाय तर उडून गेल्यावरही बघत बसला असंल. खोडच होती त्याची.”

मी त्या चिखलाचा फोटो काढला. बोटाच्या धक्क्यानं हलतो म्हणून टायमर लावून, हात मागं घेऊन. मग नखानं पट्टीची कड उचलली. वर्षभरात ती चक्राला घट्ट धरून बसली होती. निघाली ती तुकड्यातुकड्यांनी. गोंद तसाच राहिला.

“तूच फिरव,” मी म्हणाले.

“मी नाय. तुमची लढाई तुम्ही लढा.”

दुर्बीण पाण्याकडं वळवून मी चक्र फिरवलं. आधी पाण्यावरच्या रेघा दिसल्या, मग पांढऱ्या डोक्यांचे पट्टकदंब हंस, दहा-बारा असतील. नणंदेनं चष्मा पुसला आणि ती पडद्यावर वाकली.

“डोक्यामागं दोन काळे पट्टे हायेत की खरंच. दादा सांगायचा तर मला वाटायचं, बनवतोय.” तिनं बोटानं हलकेच ते दाखवले, एका पक्ष्याचे, मग दुसऱ्याचे. मग म्हणाली, “लांब गेले, बघा. पुसट झाले.”

मी फिरवलं.

“आता?”

“आता दिसले. थांबा, वळले.”

मी पुन्हा फिरवलं. बोटांना गोंद चिकटत होता.